नाव, जहाज, आले, गेले

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. माझं वजन, माझी उपाशीपोटीची साखर, कुठल्या खणात कुठली फाईल — सगळं. बावीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट तिच्यापासून लपून राहिली. तिच्यापासूनच कशाला, कुणाच्याच कानावर गेलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे — बस, इतकंच कारण.

मी बावन्न वर्षांचा आहे. सिंगापूरला, आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत क्वालिटीत काम करतो. हजार नगांत किती खराब निघाले, कुठल्या टप्प्यावर निघाले, हे सांगायचं माझं काम. चूक नेमकी कुठे शिरली यावर बोट ठेवणं मला जमतं. इथेही तसंच बोट ठेवायचं आहे. पण बघा ना, सुरुवात करून इतका वेळ झाला आणि मी अजून माझ्या नोकरीबद्दलच बोलतो आहे.

बिशानला आमच्या कॉन्डोत, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारखंच, आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर सावंत राहायचे. सतीश सावंत मूळचे वेंगुर्ल्याचे. वीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर, शेवटी चीफ. मग गुडघे गेले आणि इथल्या एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. फ्लॅट कंपनीनेच भाड्याने घेऊन दिलेला. त्यांचा इथे राहायचा पास त्या नोकरीवर. सुषमावहिनी आणि मुलगी आर्या, दोघींचे पास त्यांच्या पासवर. म्हणजे सगळं घर एका खिळ्याला टांगलेलं. मला हे ठाऊक होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं पुढे कुठे म्हणालो, तर विश्वास ठेवू नका.

आर्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, नोव्हेंबरमध्ये मोठी परीक्षा. दर शनिवारी सकाळी दहाला मी तिला गणित शिकवायला जायचो. मुलगी हुशार. अवघड उदाहरण सुटलं की पेन टेबलावर टाकून इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "काका, कॅन लाह! इझी!" — आणि वहिनी आतून ओरडायच्या, "काकांशी नीट बोल गं!" ती परीक्षा होईपर्यंत इथे राहायचं, मग पुढे काय ते बघू — सावंतांच्या घरात त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता. सतीशराव तर म्हणायचे, "नोव्हेंबरपर्यंत मी साहेबाचे बूटही पुसेन."

आता त्या घराची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे.

जहाजावर चढायला आलेली आपली पोरं — कुणी रत्नागिरीचं, कुणी अलिबागचं, कुणी देवगडचं — सिंगापूरला एक-दोन दिवस थांबतात. कंपनी हॉटेल देते. तरी ही पोरं हॉटेलची खोली मोकळी टाकून सावंतांकडे येऊन गादीवर झोपायची. सतीशराव उमेदवारीच्या काळात एका परक्या बंदरात तीन दिवस एजंटच्या बाकावर बसून राहिले होते. ते त्यांनी डोक्यात धरलं होतं. पोरगं निघताना वहिनी त्याच्या हातावर दही घालायच्या. आणि नंतर देवाशेजारच्या वहीत त्याचं नाव लिहायच्या. रोज संध्याकाळी दिवा लावला की वहीतली नावं वाचायच्या. जहाजावरून उतरून घरी पोचल्याचा फोन आला की नावापुढे कुंकवाचं बोट. तिथून ते नाव वाचायचं नाही — पोरगं पोचलं.

पहिल्यांदा मी ती वही पाहिली तेव्हा तिच्यात नुसती नावं होती, वाकडीतिकडी, एकाखाली एक. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "वहिनी, असं नको. द्या इकडे." आणि पट्टी घेऊन रकाने आखून दिले. नाव. जहाज. आले. गेले. पाचवा रकाना मी आखणार नव्हतो, वहिनींनी सांगितला — पोचले. मला म्हणाल्या, "बघा, शिकलेल्या माणसाचा हात लागला की कसं देखणं होतं!"

चौदा महिने त्यांनी ती वही माझ्या रकान्यांप्रमाणे भरली. एकही तारीख चुकली नाही. तसा पुरावा तपासाला आलेल्या माणसालाही मिळत नाही.

तुम्हाला कळलं असेल मी कुठे चाललो आहे ते. तरी थांबा. मला क्रमाने सांगू द्या.

त्या वर्षी आमच्या कॉन्डोच्या कमिटीची निवडणूक चुरशीची होती. एरवी कुणी उभं राहत नाही, ओढून बसवावं लागतं. त्या वर्षी एक निवृत्त पोलीस अधिकारी उभे राहिले. सगळे त्यांना इन्स्पेक्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. त्यांच्या पत्रकात लिफ्ट होती, पार्किंग होतं, पण खरा मुद्दा एकच: इथे कोण राहतं ते लिहिलेलं असलं पाहिजे. प्रत्येक घर, प्रत्येक नाव, प्रत्येकाचा पास. भाडेकरू वाढले होते, बाहेरून आलेले वाढले होते, आणि लिफ्टमध्ये लोक आपापसात काय बोलतात ते मला ऐकू यायचं. इन्स्पेक्टर ते उघड बोलायचे, एवढाच फरक.

वाईट माणूस नव्हता तो — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही दोष त्यांच्या अंगावर टाकणार नाही. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कॉफीचा कप बशीत आपटत ते मला म्हणाले होते, "माझा आजोबा पण बोटीतूनच आला. यायला कोण नको म्हणतंय? पण त्याचं नाव लिहून घेतलं होतं, लाह. लिहिलं की माणूस हरवत नाही, आणि लपत पण नाही." मला ते फार पटलं. आकडे जुळले पाहिजेत या पलीकडे मी तरी आयुष्यात काय मानलं आहे?

मी त्यांच्या बाजूने कामाला लागलो. जे सभेला येणार नव्हते त्यांच्याकडून मतपत्रं गोळा केली. सतरा आणली. त्यातली अकरा भारतीय घरांतली — त्यांना मी लिफ्टचं आणि पार्किंगचं सांगितलं, पासाचं सांगितलं नाही. नागरिक होऊन मला सहा वर्षं झाली होती. इन्स्पेक्टर खांद्यावर हात ठेवून इतरांना सांगायचे, "हा आमच्यातला आहे." एवढ्यासाठी? विचारता तुम्ही? हो. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

आणि दुसरंही एक होतं. ते लहान आहे, म्हणूनच लाज वाटते. सावंतांकडे एकदा रविवारी जेवायला होतो. पाच पोरं होती, माशाचं कालवण होतं. त्यातला एक थर्ड इंजिनिअर, देवगडचा, मला म्हणाला, "काका, तुम्ही तर आता फॉरेनर ना? मग भाकरी हातानं कशी खाताय?" सगळे हसले. आणखी एक म्हणाला, "अरे, काकांना काटा-चमचा द्या रे, इमिग्रेशनवाले बघतायत!" पुन्हा हसले. सतीशराव हसले. वहिनीही हसल्या — आणि लगेच मला वाढायला पुढे आल्या, "घ्या भावजी, ही वात्रटच आहेत." पण आधी हसल्या. मी ते मोजलं होतं.

कुणीही विसरून गेलं असतं. मी नाही विसरलो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आर्या उदाहरण सोडवत होती आणि वहिनी खाली भाजी आणायला गेल्या होत्या. मी उठलो, देवाजवळ गेलो, वही उघडली. फोनने चार पानांचे चार फोटो काढले. आर्याने मान वर करून पाहिलं. मी म्हणालो, "दर्शन घेतो." ती पुन्हा गणिताच्या वहीत डोकं घालून बसली. देवासमोर उभं राहून मी ते म्हणालो, आणि हात जोडलेही — खोटं पडू नये म्हणून.

घरी येऊन बेरीज केली. एकेचाळीस नावं. जास्तीत जास्त मुक्काम अकरा दिवस, एकाचं जहाज रखडलं होतं तेव्हाचा. एका वेळी जास्तीत जास्त पाच. मी ते स्वच्छ टाईप केलं.

इन्स्पेक्टरांना नेऊन दाखवलं. मला वाटलं, माणूस खूष होईल. त्यांनी चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि एकच विचारलं, "पैसे घेतात का?"

मी म्हणालो, विचारावं लागेल.

"मग आधी विचार. घेत असतील तर हा धंदा आहे, थोड्या दिवसांसाठी घर देणं नियमात बसत नाही. नसतील घेत, तर पाहुणे. गेस्ट इज गेस्ट, लाह. पाहुण्यांची मी काय तक्रार करणार?"

बघा. ज्याला लोक कडक म्हणून घाबरत होते, त्यानेच मला परतीची वाट दाखवली होती. त्या टेबलावरून उठून घरी गेलो असतो आणि यादी फाडली असती, तर आज हे लिहायला काही उरलंच नसतं.

पुढच्या शनिवारी मी गेलो. विचारायचं होतं. विचारलं नाही — विचारावं लागलंच नाही. पोहे पुढे ठेवता ठेवता वहिनी आपणहून सांगत बसल्या, "परवा काय झालं सांगते भावजी. तो अलिबागचा नितीन, निघाला तेव्हा गुपचूप गणपतीच्या तसबिरीमागे पाकीट सरकवून गेला. दिवा लावताना हाताला लागलं. अशी संतापले! लिफ्टपर्यंत धावले, खाली टॅक्सीत बसत होता तो. खिडकीतून आत फेकलं. म्हटलं, मेल्या, आईकडे जेवून पैसे ठेवतोस का?" आणि सांगताना अजून दम लागल्यासारख्या हसत होत्या. आर्या म्हणाली, "आई रॅन बेअरफूट, काका! सो एम्बॅरसिंग लाह."

म्हणजे उत्तर मिळालं. पुरावा म्हणा, साक्षीदारासकट.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी व्यवस्थापनाच्या कार्यालयाचा तक्रार अर्ज भरला. घराचा क्रमांक. राहून गेलेल्यांची संख्या. तारखा. सोबत फोटो जोडले. आणि अर्जाच्या शेवटी प्रश्न होता — मोबदला घेतला जातो का? खाली तीन चौकोन. हो. नाही. माहीत नाही.

मी 'माहीत नाही'वर खूण केली.

अख्ख्या अर्जात खोटं एवढंच. बाकी प्रत्येक आकडा बरोबर होता, आजही तपासा. मला वाटतं, 'हो'वर खूण केली असती तर मी कमी वाईट ठरलो असतो. 'हो' म्हणणाऱ्याला निदान खोटं बोलायची हिंमत लागते. मी तीही दाखवली नाही. मी फक्त एक दार उघडं ठेवलं आणि बाजूला झालो. अर्जावर तक्रारदाराचं नाव गुप्त राहील असं छापलेलं होतं. ते मी दोनदा वाचलं.

इन्स्पेक्टरांना सांगितलं, "विचारलं. स्पष्ट बोलत नाहीत." त्यांनी मान हलवली. सभेत त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाले — एका घरात चौदा महिन्यांत एकेचाळीस माणसं येऊन गेली, तुम्हाला माहीत होतं का? स्विमिंग पूलजवळच्या हॉलमध्ये जो आवाज उठला, तो मी पहिल्या रांगेत बसून ऐकला. सतीशरावही होते, मागे, उभे. त्यांच्या लक्षात आलं नाही की हे आपल्याबद्दल आहे. कसं येणार? त्यांच्या घरी माणसं येऊन गेली नव्हती, पोरं जेवून गेली होती. इन्स्पेक्टर नऊ मतांनी निवडून आले. माझी सतरा होती. कमिटीत मलाही घेतलं.

मग जे व्हायचं ते एकामागून एक झालं, आणि मी जवळच बसून पाहिलं. कार्यालयाने तक्रार घरमालकाला पाठवली. घरमालकाने, फ्लॅट ज्यांच्या नावावर भाड्याने होता त्या कंपनीला. कंपनीने यादीत आपल्याच जहाजांवरच्या पोरांची नावं पाहिली आणि त्यांना वेगळाच वास आला — आमचा अधिकारी खलाशांना घरी ठेवतो, तो कशाच्या बदल्यात? नोकऱ्या विकतो की काय?

सतीशराव ते पत्र घेऊन कुणाकडे आले असतील? माझ्याकडेच आले. "तुमचा हात नेमका आहे, उत्तर तुम्हीच लिहा." आमच्या डायनिंग टेबलावर बसून मी ते उत्तर लिहिलं. 'कुणाकडूनही कसलाही मोबदला घेतलेला नाही' — हे वाक्य मी टाईप केलं. त्याच बोटांनी. सतीशराव माझ्या मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "हे वाक्य ठळक करा ना." मी ठळक केलं.

उत्तर चांगलं होतं. चौकशीत काही सिद्ध झालं नाही. पण जूनमध्ये करार संपत होता, तो वाढवला नाही. कारण दिलं नाही. नोकरी गेली की पास जातो. मग निघायला तीस दिवस. जुलै संपायच्या आत तिघांनी जायचं, आणि परीक्षा नोव्हेंबरात.

तुम्हाला वाटलं असेल, आली कबुली. अर्ज, तो चौकोन. नाही. इथवरचं मी मनातल्या मनात बऱ्याचदा उगाळलं आहे, त्याला एक प्रकारची सवय झाली आहे. पुढचं उगाळत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वहिनी एकट्या आल्या. बसल्या नाहीत. दारातच पर्सचा बंद पिळत म्हणाल्या, "भावजी, आर्या चार महिने तुमच्याकडे राहिली तर? कागदपत्रं शाळा करेल म्हणतेय, फक्त इथलं एखादं घर लागेल, जबाबदारी घेणारं. ती तुम्हाला त्रास देणार नाही. जेवायलाही फार लागत नाही तिला." शेवटचं वाक्य त्या का बोलल्या? एकेचाळीस जणांना वाढणारी बाई स्वतःच्या मुलीचं जेवण कमी करून सांगत होती.

मंजिरी, माझी बायको, लगेच म्हणाली, "त्यात काय विचारायचं! मुलाची खोली रिकामीच आहे." आमचा मुलगा सैन्यातल्या सक्तीच्या सेवेत, फक्त शनिवार-रविवार घरी. मी म्हणालो, "नियम बघून दोन दिवसांत सांगतो."

बघितले. चोख बघितले. फोन केला, लिहून घेतलं. बसत होतं. विद्यार्थ्याचा पास, स्थानिक पालक, घरात जागा, आमच्या कॉन्डोच्या नव्या रजिस्टरमध्ये एक नोंद. कुठेच अडत नव्हतं. दोन पानांच्या टिपणात मला एकही अडचण सापडली नाही.

दोन दिवसांनी मी वर गेलो आणि सांगितलं, "वहिनी, फार प्रयत्न केला. नियमात बसत नाही."

का? — ती मुलगी रोज सकाळी माझ्या टेबलावर समोर बसली असती. तिने मला देवासमोर फोन धरताना पाहिलं होतं. तिच्या कधी लक्षात आलं असतं, किंवा आलं नसतं. पण चार महिने रोज मला वाट बघावी लागली असती. मला ते नको होतं. माझी सकाळची कॉफी शांत हवी होती, म्हणून मी एका मुलीचं वर्ष घालवलं. दुसरं कारण शोधून पाहिलं. नाही सापडलं.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत ना? मग झालं." म्हणजे मी बघितलं यावर त्यांचा विषय संपला. शाळेला त्यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. मंजिरीलाही मी तेच सांगितलं, आणि तिनेही विचारलं नाही. माझ्या नेमकेपणाचा लोकांना असा उपयोग होतो. आर्या आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

तक्रार कुणी केली असेल, यावर त्या घरात फार बोलणं व्हायचं. वहिनींचा संशय समोरच्या आंटींवर. एकट्या राहणाऱ्या चिनी म्हाताऱ्या बाई, दारातल्या चपलांवरून नेहमी कुरकुरायच्या. "तीच असणार, नाही का भावजी?" मी म्हणालो, "असेल." वहिनी दर दिवाळीला तिला चिवडा द्यायच्या. निघताना तिच्या दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढे आंटींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. विचारलं, "ती इंडियन फॅमिली गेली, मला बाय पण केलं नाही. मी काय केलं?" मी म्हणालो, घाईत असतील. नवव्या मजल्यावर त्या उतरल्या. तिथे आता चपला नसतात.

सामान बांधायला मी तीन दिवस गेलो. खोक्यांवर क्रमांक घातले, कुठल्या खोक्यात काय त्याची यादी केली, एक प्रत त्यांना दिली. सतीशराव माझी पाठ थोपटून म्हणाले, "तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं."

निघायची वेळ सकाळची होती. टॅक्सी खाली उभी. सगळं बाहेर गेलं होतं, देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. वहिनींनी एक वाटी तेवढी बांधायची ठेवली होती, तिच्यात दही. मला म्हणाल्या, "आजवर मीच घालत आले. जाणाऱ्यानं स्वतः घालून घ्यायचं नसतं. भावजी, तुम्ही मागे राहणारे — तुम्ही घाला."

मी घातलं. आधी सतीशरावांच्या हातावर, मग वहिनींच्या. आर्याने हात पुढे केला नाही. वहिनी म्हणाल्या, "अगं, कर ना!" मग तिने केला, माझ्याकडे न बघता. तिच्या तळव्यावर शाईचा डाग होता. चमचा हलला नाही.

मग वहिनींनी पिशवीतून वही काढली. "ही तुम्हीच ठेवा. रकाने तुमचेच आहेत. अजून सात पोरं जहाजावर आहेत, त्यांचे फोन येतील, तुमचा नंबर दिलाय त्यांना. आणि आमचीही नावं घाला खाली. तुमचं अक्षर चांगलं आहे."

टॅक्सी गेल्यावर खालच्या बाकावर बसून मी लिहिलं. तीन नावं. जहाजाच्या रकान्यात विमानाचा क्रमांक. आले — साडेपाच वर्षांपूर्वीची तारीख, मला पाठ होती. गेले — त्या दिवसाची.

संध्याकाळी फोन आला. "पोचलो हो! खूण केलीत का?" मी हो म्हणालो. आमच्या घरी कुंकू आहे, देव आहेत. मी उठलो नाही. 'पोचले'चे ते तीन चौकोन कोरे आहेत. त्या सात पोरांचेही फोन आले, एकेक करून. त्यांचेही कोरेच आहेत.

आर्याचं ते वर्ष गेलं. तिकडचा अभ्यास वेगळा, मागून सुरुवात करावी लागली, त्यात पुढचंही गेलं. सतीशरावांना पुन्हा जहाजावर जावं लागलं, त्या गुडघ्यांसकट. वहिनी दिवाळीला फोन करतात. गेल्या खेपेला हसत म्हणाल्या, "आर्या आता लाह म्हणत नाही हो. सुटली एकदाची सवय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फार बोलतच नाही."

आमच्या कॉन्डोत आता राहणाऱ्यांचं रजिस्टर आहे. पहारेकऱ्याच्या टेबलावर असतं. ते मी तयार केलं. नाव, घर क्रमांक, आले, गेले. इन्स्पेक्टरांनी सभेत माझं कौतुक केलं — इतकं स्वच्छ काम त्यांनी पोलिसांतही पाहिलं नव्हतं म्हणाले. रकाने कुठून घेतले, ते त्यांना माहीत नाही. चारच आहेत. पाचवा मी आखला नाही.